टाकळा प्रकल्प नोंदी – पावसाळा २०२४, माणगाव तालुका

११ जून

काल आमच्या बायकांच्या गटाची बैठक झाली आणि यंदाच्या रानभाजी महोत्सवाचं फायनल ठरलं, एकच भाजी घ्यायची, टाकळा. दरवर्षी सगळे गट वीस-वीस भाज्या वाट्यांमधे मांडून ठेवतात, समोर चिठ्ठ्या लावतात, लोक येतात, फोटो काढतात, "अरे वा" म्हणतात आणि पुढे जातात, चव कुणी घेत नाही. त्यापेक्षा एकच भाजी नीट करून खायला घालू, ती ओळखायची कशी, खुडायची कधी, कशात घालायची, तिच्यात काय असतं हे विचारलं तर सांगता आलं पाहिजे, आणि जमलं तर सुकवून पावडर पण करू. टाकळाच का, तर शेवळं आणि कर्टोली या रानभाज्यांना आता भाव आलाय, त्यांचं कौतुक करायला आपण नको. टाकळा मात्र रस्त्याच्या कडेला, बांधावर, उकिरड्याशेजारी, सगळीकडे माजतो, म्हणून त्याला किंमत नाही. शहरातल्या माणसाला तर ते नुसतं गवत वाटतं.

नोंदी मी ठेवणार कारण हिशोबाची वही माझ्याकडेच असते.

मृग लागलाय, दोन-तीन सरी चांगल्या झाल्या, मागच्या परड्यात रोपं वर आलीत. आत्ता नुसती दोन गोल जाडसर दलं आणि मधून एक बारीक पान डोकावतंय, एवढंच. मोठ्या काकी बोलल्या अजून आठवडाभर हात लावू नका.

१६ जून

पहिली खुडणी. वीतभर रोपं झालीत.

टाकळ्याचं पान एकटं नसतं, एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात, टोकाची जोडी सगळ्यात मोठी आणि खाली यावं तशी लहान. प्रत्येक पान देठाकडे निमुळतं आणि टोकाला रुंद, गोलसर. काल संध्याकाळी उशिरा टोपली घेऊन गेले तर सगळी पानं मिटलेली, जोडीतली दोन्ही पानं एकमेकांना चिकटून खाली लोंबत होती, आमच्या धाकट्याला वाटलं सुकला म्हणून. टाकळा रात्री मिटतो आणि सकाळी उघडतो, हे आईंना (सासूबाईंना) माहीत होतंच, त्या म्हणे म्हणून तर सकाळचा खुडतात, मिटलेल्या पानात किडा दिसत नाही. कारण एकदम पटलं.

खुडताना फक्त वरचा शेंडा आणि त्याखालची एक-दोन पानं घ्यायची. देठ नखाने टचकन तुटला तर कोवळा, वाकून सालीला लोंबला तर सोडून द्यायचा. हीच टेस्ट, दुसरी काही नाही. पान चुरगाळलं की एक उग्र वास येतो, त्या वासामुळेच गुरं याला तोंड लावत नाहीत आणि म्हणून तर एवढा माजतो. शिजल्यावर वास बराच जातो, थोडासा राहतो तो चांगला लागतो.

१७ जून

साधी भाजी केली, आईंच्या हातची पद्धत, लिहून ठेवते कारण स्टॉलवर हीच मुख्य असणार.

मूगडाळ तासभर भिजत घालायची. पाला तीन-चार पाण्यातून धुवायचा, पावसाळ्यात खालच्या पानांवर चिखल उडालेला असतो, शेवटच्या पाण्यात मीठ. कढईत तेल जरा हात सोडून, त्यात ठेचलेला लसूण भरपूर, लाल होईपर्यंत, मग सुकी मिरची, मग कांदा. कांदा पाल्याच्या निम्मा तरी हवा, कंजुषी केली की भाजी कडवट लागते. कांदा मऊ झाला की डाळ, डाळीला एक वाफ, मग चिरलेला टाकळा. पाला टाकल्यावर झाकण ठेवायचं नाही, पाणी घालायचं नाही, तो आपोआप बसतो. मीठ शेवटी, कारण ढीगभर पाल्याचा मूठभर होतो आणि आधी अंदाजाने घातलं तर भाजी खारट होते. वर ओलं खोबरं. गूळ चिमूटभर घालतात काही घरात, आईंना चालत नाही, मला चालतो, मुकाट्याने बिनगुळाची खाल्ली. तांदळाची भाकरी.

चव? मेथीच्या कुळातली म्हणता येईल पण मेथीएवढी कडू नाही, आणि पाठीमागे जरा मातकट. ज्यांना मेथी आवडते त्यांना पहिल्या घासाला आवडेल, बाकीच्यांना खोबरं जास्त घालून द्या.

२२ जून

आज ओळख परेड. गटातल्या सगळ्या जणी आणि आदिवासीवाडीवरची आजी, जिच्याकडून आम्ही पाला घेणार आहोत, अशा सगळ्या मिळून बांधाबांधाने फिरलो, कारण स्टॉलला माल वाढवायचा तर पाच जणी पाच ठिकाणाहून आणणार आणि एकीने जरी भलतं काही आणलं तरी पंचाईत.

घोळ होतो तो कासविंद्याशी. तो टाकळ्याचाच भाऊबंद, उंचीला जास्त वाढतो, फूल पिवळंच, वास पण तसलाच. फरक असा की कासविंद्याला पानांच्या चार-पाच जोड्या असतात आणि पानाचं टोक अणकुचीदार, टाकळ्याला तीन जोड्या आणि टोक गोल. अजून एक खूण आहे ती आजीने दाखवली, टाकळ्याच्या मधल्या देठावर, खालच्या जोडीतल्या दोन पानांच्या मधोमध, टाचणीच्या डोक्याहून लहान असा एक बारीक दांडा उभा असतो, नारिंगी-तपकिरी रंगाचा. कासविंद्याला तशीच गाठ असते पण ती एकदम खाली, जिथे देठ खोडाला चिकटतो तिथे. चष्मा लावून बघितलं, दिसतं. शेंगा आल्यावर तर प्रश्नच नाही, टाकळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकडी, कासविंद्याची चपटी आणि रुंद.

हे एवढं लांबण लावायचं कारण आहे. कासविंद्याच्या कच्च्या बिया विषारी असतात, उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात दरवर्षी लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची, आधी सगळे मेंदूज्वर समजत होते, मग डॉक्टरांनी शोधून काढलं की मुलं खेळता खेळता या बिया खातात आणि लिव्हर, स्नायू, मेंदू तिन्हीवर परिणाम होतो. ओडिशात मलकानगिरीला २०१६ साली मुलं गेली तेव्हाही हीच वनस्पती चर्चेत आली होती. त्यामुळे गटाचा नियम: तीन जोड्या मोजल्याशिवाय टोपलीत टाकायचं नाही. आजी हसत होती, तिला लांबून कळतं, पण आम्हाला कळत नाही ना.

अजून एक नियम: हायवेच्या कडेचा, गटाराजवळचा आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचा घ्यायचा नाही. तणनाशक मारलेलं पहिले काही दिवस दिसत पण नाही, झाड हिरवंच असतं. म्हणून ज्याचा बांध त्याला विचारूनच खुडायचं.

२९ जून

आज गुणांचा विषय. महोत्सवात प्रत्येक भाजीसमोर गुणधर्म लिहायची पद्धत आहे आणि तिथे लोक वाट्टेल ते लिहितात, डायबेटीस, बीपी, मुतखडा, कॅन्सर, सगळं एकाच भाजीने जातं. व्हॉट्सॲपवर टाकळ्याचे जे मेसेज फिरतात ते चौघींनी मिळून वाचले आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलावून एकेक वाक्य तपासलं.

काय राहिलं ते सांगते. हिरवी पालेभाजी म्हणून जे मिळायला पाहिजे ते मिळतं: चोथा, लोह, कॅल्शियम, फोलेट, आणि अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटीन. यातलं कॅरोटीन तेलातुपाबरोबर अंगी लागतं म्हणून पाला नुसता उकडून खायला सांगणाऱ्यांनी जरा थांबावं, फोडणी आणि खोबरं चवीपुरतं नाही. लोहाचं असं की पालेभाजीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, बरोबर लिंबू, आवळा, पेरू असं क जीवनसत्त्वाचं काही असलं तर जास्त मिळतं, आणि जेवल्या जेवल्या चहा प्यायला तर कमी होतं. हे ऐकून दोघी-तिघींचे चेहरे पडले, आमच्याकडे ताट उचलायच्या आधी चहा ठेवतात.

पोट साफ होतं हे पण खरं. टाकळा सोनामुखीच्या घराण्यातला, त्याच्यात त्याच जातीची रेचक द्रव्यं असतात, सोनामुखीपेक्षा बरीच सौम्य. पावसाळ्यात पोट जड होतं, हालचाल कमी, तेव्हा आठवड्यातून एकदा-दोनदा ही भाजी बरी. पण ज्याचं पोट आधीच बिघडलंय त्याने खाऊ नये, आणि गरोदर बाईने आवडीने घासभर खाल्ली तर ठीक, औषध म्हणून ढीग खाऊ नये. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असणाऱ्यांनी कुठलीही पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, हे सिस्टरनी आवर्जून लिहायला लावलं.

गजकर्णाचं काय? संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्न पण म्हणतात, म्हणजे दाद (गजकर्णच) घालवणारा, आणि पाला किंवा बिया वाटून लावायची पद्धत जुनी आहे. पण ती लावायची गोष्ट, भाजी खाऊन गजकर्ण जात नाही. आणि आता गजकर्णाला मलम आहे, ते आणावं, आठवडाभर पाला चोळत बसलं की घरभर पसरतं. काकींना हे पटलं नाही, त्यांच्या माहेरी दोघांचं गेलं होतं म्हणे. बोर्डवर मात्र लिहायचं नाही असं ठरलं.

डायबेटीस खोडलं. वजन कमी खोडलं. "रक्तशुद्धी" वर बरीच चर्चा झाली, शेवटी सिस्टरनी विचारलं रक्त शुद्ध झालं हे बघणार कसं, कुणाला सांगता येईना, खोडलं.

६ जुलै

सुकवण्याचा प्रकार. कोकणात जुलैत पाला सुकवणं म्हणजे थट्टाच, उन्हाचा पत्ता नाही आणि हवेत एवढी ओल की पापड मऊ पडतो. नुसता सुपात पसरून ठेवला की दुसऱ्या दिवशी काळा आणि आंबूस.

जमलं ते असं. पाला धुवून, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात, मग सुती कपड्यात गुंडाळून पाणी निथळून काढायचं, पिळायचं नाही. मग भाताच्या चाळणीवर पातळ पसरून चुलीवरच्या माळ्यावर. चूल दोन वेळा पेटतेच, वरची ऊब पुरते. ज्यांच्याकडे चूल नाही त्या धाकट्या वहिनींनी फॅनखाली ठेवून शेवटी मंद तव्यावर परतून घेतला, रंग जरा उतरला पण चाललं. बोटाने चुरडल्यावर कुरकुरला पाहिजे, नुसता मोडला तर अजून ओल आहे. ओला एक किलो घेतला तर सुकून दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, वजनकाट्यावर घातला.

सुकवल्यावर क जीवनसत्त्व बहुतेक जातं, चोथा आणि लोह राहतं. म्हणजे पावडर ताज्या भाजीची बरोबरी करणार नाही, पण मार्चमधे थालीपिठात चमचाभर पडली तर काय वाईट.

१४ जुलै

शेंडे निबर व्हायला लागलेत. आता जूनमधल्यासारखी साधी परतलेली करून चालत नाही, कडसर लागते. दोन कढया शेजारी शेजारी लावल्या, एकीत पाला तसाच, दुसरीत आधी उकळून पाणी ओतून, पिळून. उकळलेली चवीला गोड निघाली आणि ऑक्झॅलेट (मुतखडा वाढवणारा क्षार) पण पाण्यात बरंचसं जातं, मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांना तेवढंच बरं. पण फोलेट आणि क जीवनसत्त्व पण त्याच पाण्याबरोबर मोरीत. म्हणून ठरलं: जूनचा पाला तसाच परतायचा, जुलै मध्यानंतरचा उकळून पिळायचा. सरसकट सगळा उकळून पिळणाऱ्या बायका आहेत, कोवळा पाला उकळून पिळणं मला तरी पटत नाही.

जोड्या जुळवून बघितल्या. फणसाच्या आठळ्यांबरोबर एक नंबर. आठळ्या कुकरला लावून, सालं काढून, जरा ठेचून फोडणीत, त्यांचा पिठूळपणा आणि टाकळ्याचा कडसरपणा हे मस्त जमतं. गोव्यात याच भाजीला तायकिळो म्हणतात आणि तिथेही आठळ्या घालतातच, त्या तिकडे बिकणां. फणस मेमधे खाल्ला, आठळ्या मातीत किंवा राखेत ठेवल्या, टाकळा जूनमधे आला, हे वेळापत्रकच जमलेलं आहे.

कडव्या वालांबरोबर, म्हणजे मोड आणून सोललेले बिरड्याचे वाल, हे आमच्या रायगडातलं, जेवायला भरभक्कम होतं आणि भाजीला प्रोटीन मिळतं. सुक्या जवळ्याबरोबर पण केली. जवळा आधी कोरडा भाजून, निवडून, धुवून, मग लसणाच्या फोडणीत, वर पाला. घरातल्या पुरुषमंडळींनी फक्त हिलाच नाव ठेवलं नाही. पण श्रावण येतोय, स्टॉलवर जवळा नाही चालणार.

लोखंडी कढईत भाजी काळपट होते. लोह थोडं उतरतं कढईतलं, ते चांगलंच, पण स्टॉलला हिरवी दिसायला हवी तर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू का असा प्रश्न आला, आई बोलल्या काळी तर काळी, खाणारा खाईल. आमसूल घातलं की पण रंग जातो, आंबटामुळे हिरव्याचा शेवाळी होतो. लिंबू पिळायचं असेल तर ताटात.

१८ जुलै

काल आषाढी, घरात भाजी नाही. परड्यातला अर्धा टाकळा गुडघ्याला लागलाय, त्याचे शेंडे सगळे खुडून टाकले म्हणजे बाजूने फुटवा येईल. बाकीचा अर्धा तसाच ठेवला, बियांना. पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

२७ जुलै

फुटवा आलाय, लहान लहान शेंडे, प्रत्येक झाडाला चार-पाच. ९ ऑगस्टला याचाच आधार.

जोडीला गेल्या महिन्याअखेरीस दुसरी पेरणी केली होती, गेल्या वर्षीच्या शेंगांतलं बी आजीकडून घेऊन. टाकळ्याच्या बियांचं कवच कडक असतं, पाणी आत शिरत नाही म्हणून एकाच पावसात सगळ्या उगवत नाहीत, काही यंदा, काही पुढच्या वर्षी. एका पाऊस-उघडिपीत सगळी रोपं मेली तरी जात टिकते. म्हणून अर्ध्या बिया जाड वाळूत चोळून खरवडल्या आणि अर्ध्या तशाच पेरल्या. खरवडलेल्यांचा वाफा भरला, तशाच पेरलेल्यांचा टक्कल पडल्यासारखा. पुढच्या वर्षी सगळ्या चोळूनच.

एक रोप मुळासकट उपटून धुवून बघितलं. शेंगावर्गातलं असून मुळाला गाठी नाहीत, म्हणजे भुईमूग-उडदासारखा हा हवेतला नत्र जमिनीत धरत नाही. शेतात गाडला तर हिरवळीचं खत होतंच पण ते पाल्याचं. बोर्डवर कुणीतरी "नत्र वाढवतो" लिहिणार होतं, थांबवलं.

गाजर गवताचं मात्र लिहायचं. ग्रामपंचायतीमागे जिथे टाकळा दाट आहे तिथे गाजर गवत दिसत नाही, आणि पलीकडे जिथे टाकळा खरवडून काढला तिथे गाजर गवताचं रान. टाकळा त्याच्या आधी जागा धरतो आणि सावलीत दाबतो, शेतीवाले पण गाजर गवत हटवायला टाकळा पेरा असं सांगतात. भाजी पण आणि राखणदार पण.

४ ऑगस्ट

दिव्याची अवस. उद्यापासून श्रावण, आणि महोत्सव ९ तारखेला, जागतिक आदिवासी दिन असतो म्हणून तीच तारीख. आज कॅलेंडर बघताना लक्षात आलं की त्याच दिवशी नागपंचमी आहे. म्हणजे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. आणि आम्ही स्टॉलवर टाकळ्याच्या वड्या तळणार होतो!

तासभर गोंधळ. मग काकींनीच सोडवलं. टाकळा चिरावा लागतोच कुठे, कोवळा शेंडा हाताने खुडायचा, पानं ओरबाडून घ्यायची, सुरी लागत नाही. कांदा-लसूण श्रावणात बऱ्याच घरात बंद, तो गेला म्हणजे चिरायचं उरलंच नाही. खोबरं आदल्या दिवशी खवून ठेवायचं. भाजी आठळ्या आणि मूगडाळ घालून, हिंग-मोहरी-सुकी मिरची. वड्यांच्या जागी वाफवलेले मुटके: तांदळाचं पीठ, खुडलेला टाकळा, आदल्या दिवशी वाटलेली हिरवी मिरची आणि आलं, मीठ, थोडं खोबरं, तेलाचा हात, मुठीने दाबून मोदकपात्रात. नागपंचमीला घरोघरी उकडीचंच असतं त्यामुळे कुणाला खटकणार नाही.

आज रात्री सॅम्पल केलं. पीठ गरम पाण्यात भिजवलं तर मुटके मऊ, गार पाण्यात दगड. बरोबर वाटीत तूप.

९ ऑगस्ट

झालं एकदाचं. सविस्तर लिहायला आत्ता अंगात त्राण नाही तरी मुख्य मुख्य लिहिते.

मुटके जेवणवेळेआधी संपले, भाजी पुरली. लोकांना सगळ्यात जास्त काय आवडलं तर कुंडी. काकींनी कुंडीत एक टाकळा आणि एक कासविंदा शेजारी शेजारी लावून आणला होता आणि पोरांना पानांच्या जोड्या मोजायला लावत होत्या, त्या कुंडीभोवती एवढी गर्दी की आमचं ताट कुणाला दिसेना. पुण्याहून आलेली एक मुलगी म्हणे हे तर आमच्या पार्किंगमधे उगवतं, माळीदादा उपटून फेकतात.

बोर्डवर फक्त एवढं होतं, चोथा, लोह, कॅरोटीन, पोटाला हलकी, लिंबाबरोबर खा, लगेच चहा नको, आणि कुणी खाऊ नये ते. एका गृहस्थांनी विचारलं शुगरवर चालते का, मी म्हटलं भाजी म्हणून खा, गोळी बंद करू नका. ते जरा हिरमुसले आणि शेजारच्या स्टॉलवर गेले, तिथे त्यांना हवं ते लिहिलेलं होतं.

वाटा वीस रुपयाने लावला होता. वाडीवरच्या आजीचा पाला सगळा गेला, पैसे तिथेच हातात दिले. उरलेला फुटवा आम्हीच वाटून घेतला.

१ सप्टेंबर

पिवळी फुलं. आता भाजीचं नाव काढायचं नाही, पान चिवट आणि कडू. परड्यात फुलपाखरं मात्र इतकी की विचारू नका, छोटी पिवळी आणि फिक्कट पांढरट हिरवी, ती याच पाल्यावर अंडी घालतात. अळी हिरवीगार, पानाच्या शिरेवर अशी लांब होऊन बसते की बोट लागेपर्यंत कळत नाही. खुडताना पान उलटून बघायला आई का सांगतात ते धाकट्याला दाखवलं, त्याने एक अळी बरणीत ठेवलीय.

८ सप्टेंबर

ऋषीपंचमी. ऋषीच्या भाजीत टाकळा घालता येईल का असं गटावर कुणीतरी विचारलं. घालता येईल पण आत्ता मिळणार निबर, त्यापेक्षा अळू, माठ, अंबाडी आहे की.

२० ऑक्टोबर

शेंगा तपकिरी झाल्या. दसऱ्यानंतर ऊन लागलं आणि तडकायला लागल्या, उशीर केला असता तर सगळं बी खाली. सकाळी दव असताना तोडायच्या, दुपारी हात लावला की फुटून उडतात. बी लहान, चमकदार, तपकिरी, दोन्ही टोकांना तिरकं कापल्यासारखं.

या बियांना बाजार आहे. त्यांच्यातला डिंक काढून त्याची पावडर कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात घट्टपणाला वापरतात, युरोपात त्याला ई ४२७ असा नंबर पण आहे. कोरियात आणि चीनमधे याच्या सख्ख्या भावाचं बी भाजून त्याचा चहा पितात. आपल्याकडे कॉफीसारखं प्यायची पद्धत काही ठिकाणी आहे, कॅफिन नसतं, म्हणून करून बघितली.

खापरावर मंद आचेवर भाजलं, पॉपकॉर्नसारखं तडतडतं, वास आधी भाजक्या चण्याचा आणि मग खरंच कॉफीच्या जवळ जातो. खलबत्त्यात फुटता फुटेना, मिक्सरला लावलं. दुधात उकळली. चिकोरी जास्त घातलेल्या कॉफीसारखी लागते, जराशी बुळबुळीत, तो डिंक. आईंनी कप संपवला आणि म्हणाल्या, चहा टाक आता.

कॉफी विकायची नाही असं मी बैठकीत मांडलं आणि सगळ्यांनी मानलं. पाला ओळखता येतो, पण बी एकदा शेंगेतून बाहेर पडलं की गोळा करणाऱ्या दहा जणींच्या दहा पिशव्यांत कासविंद्याचं चार दाणे आहेत का ते कोण बघणार. शिवाय बी रेचक आहे, शहरातला माणूस हौसेने दोन कप प्यायचा.

१० नोव्हेंबर

दिवाळी उरकली, हिशोब लावला. पावडरीची पाकिटं भाऊबीजेला आलेल्या पाहुण्यांनी बरीचशी नेली, आठ उरलीत. चुलीवरच्या माळ्यावर सुकवलेल्याला धुराचा हलका वास आहे, तोच जास्त आवडला लोकांना, फॅनखालचा मागे राहिला. थालीपिठाला वाटीभर भाजणीला एक चमचा पुरे, डाळीत घालायची तर फोडणीत नाही, डाळ उकळताना, फोडणीत जळते आणि कडू होते. हे पाकिटावर छापायचं राहिलंय, पुढच्या लेबलात घ्यायचं.

लेबलवर काकींना अजूनही गजकर्ण हवंय. मी नाही म्हटलंय. बैठकीत मत घेऊ असं त्या म्हणाल्या आहेत.

बी राख लावून डब्यात भरलं, एक डबा आमच्याकडे, एक वाडीवर आजीकडे. मेअखेर वाळूत चोळायचं काम धाकट्या वहिनींकडे. आठळ्या या वेळेला जास्त ठेवायच्या, गटातल्या ज्यांच्याकडे फणस आहे त्यांनी आत्ताच सांगून ठेवा.